जोहरी बाजारातलं दर्शन

मंडळी, आज संध्याकाळी जोहरी बाजारात मी आणि आई सायकलरिक्षात अडकलो. गोविंदाचं मंदिर थोड्याच वेळात बंद होणार होतं आणि उद्या आईची गावी जायची गाडी. पुढे टेम्पो, मागे वरात. गुडघ्यांमुळे तिला चालवत नाही.

"तू जा पळत. माझा नमस्कार सांग," आई म्हणाली.

"तुला इथे एकटीला सोडून?"

"मग बस असाच कुरकुरत."

थोड्या वेळाने तिने रिक्षावाल्याला विचारलं, "भैया, मंदिर किधर आलं?"

"उधर, माँजी." त्याने टेम्पोच्या दिशेने बोट दाखवलं.

आईने त्या टेम्पोसमोरच डोळे मिटून हात जोडले. "झालं माझं दर्शन," म्हणाली.

माझे हात उठलेच नाहीत. मी घड्याळ बघत होतो. तुमचे उठले असते का?