परीक्षेतली केस

लासुर्ण्याच्या छबूबाईला दर वर्षी पुण्याहून कार्ड यायचं. डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेली पोरं तिचं काळीज तपासत आणि त्यावर त्यांचं पास-नापास ठरे. भिगवणला गाडीत बसून ती इमानानं जायची. हृदयाच्या स्नायूवर संशोधन करणारे मोठे डॉक्टर तिचं सगळं वहीत टिपून घेत, पोरांना इंग्रजीत तासभर समजावत. तिनं विचारलं की म्हणत, "काळजी करू नका." पाच वर्षं तिच्या काळजाची चर्चा तिच्याच उशाशी झाली आणि तिला कुणी अवाक्षर सांगितलं नाही, याचा ही गोष्ट सांगताना आजही राग येतो.

१९५४ साली मात्र तिला उत्तर हवंच होतं. नवरा मागेच वारला होता. दीर आबासाहेबांनी चौदा वर्षांच्या रतनसाठी स्थळ आणलं होतं. रतनला सातवीची फायनल देऊन मास्तरीण व्हायचं होतं. त्याला अजून दोन वर्षं होती. तेवढं आपण जगणार का, एवढंच छबूबाईला कळायला हवं होतं.

त्या वर्षीच्या परीक्षेच्या दिवशी तिच्या खाटेच्या पडद्याआड कन्हेरीचा मानसिंग हा परीक्षार्थी आला. त्यानं तिच्या छातीला नळी लावली. तीनदा ऐकूनही चेहरा कोराच. परीक्षेत पेशंटनं तोंड उघडायचं नसतं. छबूबाईनं उघडलं.

"लेकरा, पाच वर्सं ऐकून माज्या दुखन्याचं इंग्रजी नाव पाठ झालंय, त्ये मी सांगते. मी किती दिस हाय त्ये तू सांग."

"न्हाय मावशी, तुमी नका सांगू. मीच हुडकतो."

त्यानं तिला डाव्या कुशीवर वळवलं, डोळे मिटून पुन्हा ऐकलं. मग नळी काढून गळ्यात अडकवली.

"सांग की रं."

"काळजातली झडप गळती हाय, मावशी. मागं आलेलं रगात पुन्यांदा ढकलून ढकलून काळजाचा स्नायू थकलाय." त्यानं मान खाली घातली. "तीन वर्सं. लई झालं तर चार."

छबूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि परीक्षक आत येईपर्यंत सरळ झोपून राहिली.

घरी आल्या आल्या तिनं आबासाहेबांना सांगितलं, "भावजी, त्या पावण्यांना नको म्हणून कळवा."

"आन उद्या तुमचं काय बरंवाईट झालं तर, वैनी?"

"हुनारच हाय. पन तीन वर्सं न्हाय. मला दोनच लागत्यात."

१९५६ च्या उन्हाळ्यात रतन फायनल पास झाली. छबूबाईला तेव्हा उठवत नव्हतं. उशीला टेकून तिनं निकाल लेकीकडून तीनदा वाचून घेतला.