इन्व्हर्टरचं पाणी

ज्या जिवाणूवर मी उमेदीची वर्षं घालवली, तो एरवी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. माती, मोरी, नळाची तोटी, कूलरची टाकी, ओल असेल तिथे तो सुखानं नांदतो. धडधाकट माणसाच्या वाट्याला जात नाही. पण भाजलेली कातडी, ताजी जखम किंवा डोळ्यावरचा बारीकसा ओरखडा, असं एखादं दार किलकिलं दिसलं की आत घुसतो आणि मग आवरता आवरत नाही. प्रथिनं विरघळवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, तो तयार करतो. ते शुद्ध करणं हे दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत माझं काम होतं. दुधाची पावडर घातलेल्या जेलीच्या थाळीवर आम्ही त्याला वाढवायचो. पांढऱ्या थाळीत त्याच्याभोवती दूध विरघळून स्वच्छ, आरपार वर्तुळ उमटायचं. वर्तुळ मोठं, म्हणजे विकर जास्त. फारच मोठं निघालं तर सर सगळ्यांना समोसे मागवायचे.

नव्वदचं दशक होतं. मयूर विहारात सोसायटीचा फ्लॅट नुकताच ताब्यात आला होता. बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं, फक्त ते चालवायला वीज नव्हती. म्हणून नवऱ्यानं इन्व्हर्टर घेतला. तो केंद्राच्या एका मंत्रालयात अधिकारी. दिवसभर फायलींवर सह्या करणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातानं करण्यासारखं एक काम मिळालं. करोल बागेतून तो बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणायचा, नरसाळं लावून पाणी घालायचा आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा, "यापेक्षा शुद्ध पाणी जगात मिळणार नाही, बिल्कुल नाही." आमच्या घरात त्या कॅनला गंगाजळाचा मान होता. एकदा झाकण उघडलेला कॅन महिनोन्‌महिने बाल्कनीत पडून असायचा, ही गोष्ट वेगळी.

नणंदेची मुलगी तेव्हा आमच्याकडे राहायची. परभणीहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली, पूर्व परीक्षा पास झालेली, मुख्य परीक्षा तोंडावर. करोल बागेतल्या क्लासला जाता-येता तिनं जाड भिंगांचा चष्मा टाकून कॉन्टॅक्ट लेन्स बसवून घेतल्या होत्या. त्या दिवसांत ते मोठं अप्रूप होतं. आरशासमोरून हलायची नाही पोरगी.

एका संध्याकाळी मी घरी आले, तर ती पडदे ओढून डाव्या डोळ्यावर ओढणी धरून बसलेली.

"सकाळी कॉलनीतल्या डॉक्टरांनी थेंब दिले मामी. 'आई फ्लू चल रहा है' म्हणाले, डोळ्यांची साथ आहे म्हणे. पण दुपारपासून जास्तच ठणकतंय. उजेड सहन होत नाहीये."

मी ओढणी बाजूला केली. पापण्यांत हिरवट पू होता आणि बुबुळावर एक पांढुरका ठिपका.

"लेन्स कुठे आहे?"

"डबीत."

मी डबी उघडली. पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास आला. इतकी वर्षं हातांना येणारा वास मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मी झाकण घट्ट लावलं.

"यात पाणी कुठलं घातलंस?"

"लेन्सचं औषध संपलं होतं. नळाचं घालायला भीती वाटली, म्हणून कॅनमधलं घेतलं. मामा म्हणतात ना, सगळ्यात शुद्ध."

नवरा दारात उभा होता. मी त्याच्यावर कडाडले. "शुद्ध म्हणजे त्यात क्षार नाहीत! त्यात जंतू नसतात हे कुणी सांगितलं तुला? माझा जिवाणू तर नुसत्या पाण्यावर जगतो!"

त्याचा चेहरा पडला. "चलो, गाडी काढतो," एवढंच म्हणाला.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा प्रथिनांचाच असतो. माझं लाडकं विकर तो दोन-तीन दिवसांत विरघळवू शकतं, हे मी स्वतः शोधनिबंधात लिहिलं होतं. फरक इतकाच, की थाळीत पांढऱ्याचं आरपार होतं आणि डोळ्यात आरपारचं पांढरं. गाडीत ती माझा हात घट्ट धरून बसली होती आणि मी मनात देवाचा धावा करत होते.

सरकारी रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच दाखल केलं. आधीचे थेंब बंद केले, जखम खरवडून तपासणीला पाठवली, नवे थेंब सुरू केले. पण कुठल्या औषधानं हा मरेल ते कळायला अहवाल यायला हवा होता आणि तेवढा वेळ त्या डोळ्याकडे नव्हता. भाचीजवळ नवऱ्याला बसवून मी डबी घेऊन प्रयोगशाळा गाठली. डबीतलं पाणी दोन थाळ्यांवर पसरलं. एक दुधाची. दुसरीवर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या.

सकाळी थाळ्या काढल्या. रुग्णालयात चाललेल्या औषधाच्या टिकलीला तो अगदी खेटून वाढला होता, जणू ती तिथे नव्हतीच. एका नव्या औषधाभोवती मात्र त्यानं चांगलीच जागा सोडली होती. सर शेजारी येऊन दुधाच्या थाळीवर वाकले. इतकी मोठी वर्तुळं आम्ही कधी पाहिली नव्हती.

"अरे वाह! ये कहाँ से मिला?"

"घर से," मी म्हणाले आणि दुसरी थाळी उचलून निघाले.

डॉक्टरीणबाईंनी थाळी शांतपणे पाहिली. "मैडम, डिब्बी का कीड़ा और आँख का कीड़ा एक ही है, ये मैं कैसे मान लूँ?"

प्रश्न चोख होता. माझ्या विद्यार्थ्याला मी हाच विचारला असता. तरीही त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला.

"मत मानिए. पर एक बार आँख देख लीजिए."

त्या उठल्या. भाचीची हनुवटी यंत्रावर टेकवून बराच वेळ पाहत राहिल्या. कालचा ठिपका पसरला होता.

"दवा बदलो," त्या नर्सला म्हणाल्या.

मग दर अर्ध्या तासाला थेंब. नवरा आणि मी आळीपाळीनं बसायचो. त्यानं रजेचा अर्जसुद्धा कुणाच्या तरी हाती पाठवला. भाची मात्र एकच विचारायची, "मामी, मेडिकल तपासणीत काढून टाकतील का हो मला?" मी म्हणायची, "आधी डोळा, मग देश." ती हसायची नाही. अहवाल आला तोवर ठिपका थांबला होता. अहवालात माझाच जिवाणू होता. बरोबर ठरल्याचा आनंद मला अजिबात झाला नाही.

डोळा वाचला. बुबुळाच्या मधोमध पांढरा डाग राहिला. त्या वर्षी मुख्य परीक्षा बुडाली.

परभणीला जायच्या आधी ती प्रयोगशाळेत आली. "मला तो बघायचाय," म्हणाली. सरांनी तो जपून ठेवला होता. आमच्या संग्रहात तितकं विकर देणारा दुसरा नव्हता. मी चिकटपट्टीनं बंद केलेली दुधाची थाळी तिच्या हातात दिली. ती खिडकीशी गेली, चांगल्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि थाळी उजेडात धरली.

"मामी, हे मधलं गोल आरपार आहे ना?"

"हो."

"पलीकडे काय आहे?"

"कडुनिंब."

तिनं थाळी आणखी वर धरली. "मला नुसतं पांढरं दिसतंय," म्हणाली, आणि थाळी जपून माझ्या हातात दिली.