सरळ झालेले पाय

कूलरला या वर्षी खसची नवी ताटी लावली. पाणी सोडल्याबरोबर तो वास घरभर झाला. ओल्या मुळ्यांचा, मातीचा, थोडासा अंधाराचा. नागपूरच्या उन्हाळ्यात हा वास घरोघरी असतो, त्यात विशेष काही नाही. पण मला तो कूलरचा वाटतच नाही, टॉकीजचा वाटतो. आमच्या वस्तीतून इतवारी बाजाराकडे जाताना एक जुनी टॉकीज लागायची. उन्हाळ्यात तिच्या दारांना खसचे पडदे बांधत आणि एक माणूस त्यांवर बादलीने पाणी मारत राही. बाहेर डांबर वितळून चपलेला चिकटायचं. तो ओला पडदा सारून आत पाऊल टाकलं की विहिरीत उतरल्यासारखं गार वाटायचं. बायको पुढे, मी मागे. आता टॉकीज नाही, तिथे गाड्यांचं शोरूम आहे. बायकोही नाही. वास तेवढा आला, कोणी बोलावलं नव्हतं तरी.

आम्ही विणकर. घरात खड्डामाग होता. म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या आणि हाताने धोटा फेकायचा. ती बाजूला बसून कांड्यांवर सूत भरायची. एका खोलीत दोघं दिवसभर, पण मागाच्या खटखटीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. चहासुद्धा हाताने खूण करून मागायचा. रात्री घर माणसांनी भरलेलं, तेव्हा काय बोलणार? फक्त अमावास्येला माग बंद. त्या दिवशी कोणताच विणकर धोट्याला हात लावत नसे. टॉकीजमध्ये दुपारी एका तिकिटात दोन खेळ असत, बहुतेक जुने आणि बहुतेक भुताचे. आई ओरडायची, "अवं, अमावास्येले कोनी भुतं पाहाले जाते का? घरी बसा न!" ही पदर खोचत म्हणायची, "अमावास्येलेच तर ते घरी सापडते, आत्याबाई!"

वेड तिचं होतं. मला भुतांचं भेव. सांगायला लाज कसली, आता लाजायचं वय राहिलं नाही. भूत खालून येऊन पाय धरते, असं लहानपणी कोणीतरी डोक्यात घातलं होतं, आणि माझं पोट तर पाय खड्ड्यात सोडून बसण्यावर. म्हणून पडद्यावर वारा सुटला, दार करकरलं, की मी डोळे गच्च मिटायचो. ती माझ्या कानाला तोंड लावून सांगायची. "मिटून ठेवा. मी हाव न इथं. आता ते जिना उतरून राहिली. आता थांबली." खसचा वास, तिच्या तोंडातल्या फुटाण्यांचा वास, आणि तो कुजबुजता आवाज. महिनाभराचं बोलणं ती त्या एका दुपारी बोलून घ्यायची. भूत लांब गेलं की मध्येच घरचंही सांगायची. पोरगी खोकलते, धाकट्या दिराचं मन लागत नाही. मग पुन्हा, "मिटा, आली." खरं सांगतो, भुताचा एकही सिनेमा मी पाहिलेला नाही. सगळे ऐकलेले आहेत.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. न्यायच्या आधी कोणीतरी म्हणालं, "तोंड पाहून घ्या गा एकदा." मी डोळे मिटले. सवयीने. आणि वाट पाहत राहिलो. कानात कोणी काही सांगितलं नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर आम्ही तीन म्हातारे बसतो. एक खापरखेड्याच्या वीजघरातून निवृत्त झालेला, दुसऱ्याचा जन्म इतवारीत भांडी विकण्यात गेला. बोलणं सारं जुन्या सिनेमांचं. परवा गोष्ट उलट्या पायांच्या चुडैलीच्या सिनेमावर आली.

"हिरोइनपेक्षा चुडैलच सुंदर होती बे त्याच्यातली," भांडेवाला म्हणाला.

"म्हणूनच तू पुन्हा पुन्हा जाऊन राहिला होता. घरी सांगे, उधारी वसूल कराले चाललो!"

मी म्हणालो, "शेवट काय होता पण! विहिरीवर पाय धुते, पाय सरळ होते, अन् माहेरच्या रस्त्याले लागते."

वीजघरवाल्याने कप खाली ठेवला.

"चुडैलीले माहेर कुठून आलं गा?"

"अबे, जाळलं तिले! साऱ्या गावानं मशाली घेऊन. तू कोणता सिनेमा पाहून राहिला होता? अन् त्याच तिकिटातल्या दुसऱ्या सिनेमात तर..."

"थांब," मी म्हणालो. "त्याचं बोलू नको."

चहा तसाच ठेवून घरी आलो. सुनेला त्या दोन्ही सिनेमांचं विचारलं. तिने मोबाईलवर शोधून, दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर लावून दिलं. म्हणाली, "दोन्ही हायेत, बाबा. एक झाला का दुसरा आपोआप लागते." कूलरसमोर बसलो. या वेळी डोळे उघडे ठेवले.

काय होतं त्यात? तोंडाला पीठ फासलेली एक बाई. उलटे पाय म्हणजे उलट्या बाजूने घातलेले जोडे, साफ दिसतात. भेव नाही वाटलं. शेवटी मशाली आल्या आणि ती बाई जळाली, ओरडत ओरडत. पाय उलटेच होते. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला खड्ड्यात पाय सोडायचे असत. हे तिला ठाऊक होतं. म्हणून टॉकीजच्या त्या अंधारात बसल्या बसल्या तिने त्या बाईचे पाय सरळ केले, तिला माहेर दिलं, आणि मला काही कळू दिलं नाही. मी निवांत माग चालवला, वर्षानुवर्षं. लुगडी विणली मी, पण त्यातलं किती तिने विणलं, ते आज कळतं.

तेवढ्यात दुसरा सिनेमा आपोआप लागला. त्यात एक बाई मरते आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातून जात नाही. बायकोनेच सांगितलं होतं. ती बाई कोणाचा गळा धरत नाही. म्हातारा जेवला का एवढं पाहते आणि कोपऱ्यात बसून राहते. मी मिटल्या डोळ्यांनी विचारलं होतं, "हाकलते का वं तिले शेवटी?" ती थोडं थांबून म्हणाली होती, "नाही. राहू देते."

पडद्यावर एक रिकामं घर दिसू लागलं. मी सुनेला म्हणालो, "बंद कर."

"काहून बाबा? भेव लागते?"

"हो," म्हणालो.

तिने टीव्ही बंद केला आणि आत गेली. कूलर चालू होता. ताटीतून पाणी टपकत होतं. मी डोळे मिटले.