नीलाकाकूंचा हॉस्टेल क्लास

नीलाकाकू गेल्या. आज सकाळी, दिल्लीत, मयूर विहारमधल्या त्यांच्या घरी.

आमच्या सोसायटीतली बारावी झालेली मुलं हॉस्टेलला जाण्याआधी काकूंच्या हाताखालून जायची. फी नाही, सर्टिफिकेट नाही. ओरडा मात्र भरपूर.

मला पुण्याला शिकायला जायचं होतं.
बाबांचं ठरलेलं उत्तर, "साधा चहा येत नाही, एकटी कशी राहणार? दिल्लीतच ॲडमिशन घे."

आईने मला काकूंच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडलं.

पहिल्याच दिवशी दूध उतू जायला लागलं. काकू बाल्कनीतून ओरडल्या, "अगं, खाली! पातेलं खाली!"

मी दिल्लीत वाढलेली. माझ्या डोक्यात हिंदीतलं 'खाली'. म्हणजे रिकामं.

सगळं दूध सिंकमध्ये ओतलं.

काकू आल्या, पाहिलं आणि ओट्याला धरून हसत सुटल्या.
"खाली उतरव म्हणत होते गं!"
"मला वाटलं, ओतून द्यायला सांगताय."
"अच्छा! आणि मी चांगलं दूध ओतायला का सांगेन, हे विचारावंसं नाही वाटलं?"

नव्हतं वाटलं. विचारलं तर बावळट ठरू, ही माझी कायमची भीती.

काकूंनी ती बरोब्बर पकडली. "स्वयंपाक काय, मोबाईलवर बघून शिकशील. तू आधी विचारायला शीक."

मग बँकेत, दवाखान्यात, लाँड्रीत मला एकटीला पाठवायच्या. तोंड उघडल्याशिवाय परत यायचं नाही.

शेवटी बाबांना त्यांनीच सुनावलं, "भाऊजी, तिला सगळं येत नाही. पण अडलं तर विचारते. बिल्कुल पाठवा."

बाबांनी पाठवलं.

पुण्यात पहिल्याच सेमिस्टरला सणसणीत ताप आला. शेजारच्या खोलीतल्या, ओळखही नसलेल्या मुलीचं दार वाजवलं. "मला डॉक्टरकडे नेशील?"
ती आज माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे.

काकूंची दोन्ही मुलं परदेशात. त्या एकट्या राहायच्या, अगदी झोकात. कुणाकडे काही मागताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. खरं सांगते यार, मला त्याचा रागच यायचा.

गेल्या आठवड्यात भेटायला गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. कंगवा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या,
"हात वर जात नाही गं. वेणी घालून देशील?"

घातली. मुद्दाम वेळ लावून घातली.

काकू, तुमची सगळी मुलं आपापल्या गावी नीट आहेत.
तुम्ही शांतपणे जा. मनापासून नमस्कार.