अक्कांची काठी आणि माझ्या बादल्या

मंडळी, बसवकल्याणच्या याच फुटपाथवर बादल्या विकत मी दुकान उभं केलं. दुकान झालं तरी माल बाहेर मांडायची सवय गेली न्हाई.

आज सकाळीही पाणी शिंपडून बादल्या फुटपाथवर रचल्या आणि आत टेकलो. कोवळ्या उन्हात डोळा लागायला लागला. माझे कान लई तिखट, लांबूनच अक्कांची काठी ऐकू आली, फुटपाथच्या फरशीवर ठक, ठक. अक्का म्हणजे गल्लीतल्या रिटायर शिक्षिका, दिसतं अगदी कमी. त्यांची ठकठक माझ्या दुकानापाशी रोज विरते आणि पुढं पुन्हा सुरू होते. झोपेत ते फार गोड वाटायचं.

आज तिथंच टेम्पोचा ब्रेक किंचाळला. धावलो. अक्का रस्त्यावर, टेम्पो हातभर अंतरावर.

"अक्का, खाली कामून उतरलाव?"

"तुझ्या बादल्यांना वाट द्यायला, बाबा. रोजच उतरते की."

डांबरावर काठी वाजत नव्हती, एवढंच. आणि मला माझ्या कानांचा केवढा अभिमान.

माल आत घेतलाय. उद्या डोळे मिटून बसणार, ठकठक न तुटता पुढं जाते का ऐकायला. तुमच्या दारापुढं ती कुठं तुटते, कधी ऐकलंत का?