होडीचा वाटा

मुलांनो, आजीला डॉक्टरेट कशी मिळाली, असं तुम्ही परवा व्हिडिओ कॉलवर विचारलंत. कॉलवर सगळे एकदम बोलतात, म्हणून क्रमाने लिहिते.

पनवेलच्या शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवून झाल्यावर, पन्नाशीत मी पीएचडीला नाव नोंदवलं. विषय होता, टॅबलेटवर मुलं गणित कशी शिकतात. त्यासाठी उरणला, मोरा बंदराजवळच्या एका शाळेत जायचे. चौथीचा वर्ग, बहुतेक मुलं मच्छीमारांची.

टॅबलेटवर एक गणित होतं: चार जण होडी घेऊन गेले, वीस पापलेटं मिळाली, सारखी वाटली, प्रत्येकाला किती? जवळजवळ सगळ्या वर्गाने उत्तर दिलं, चार. प्रोग्रॅमने लाल फुल्या मारल्या आणि वर्गाला थेट दुसरीच्या धड्यांवर पाठवलं.

माझे मार्गदर्शक माझ्याहून दहा वर्षांनी लहान; तो प्रोग्रॅमही त्यांनीच बनवलेला. फोनवर म्हणाले, "मॅडम, वर्ग कच्चा आहे. तसं लिहा आणि पुढे चला." तसं लिहिलं असतं तर मुलांचं अख्खं वर्ष दुसरीच्या बेरजांत गेलं असतं. पण कच्ची मुलं वेगवेगळं चुकतात, हे वह्या तपासून मला ठाऊक होतं. इथे सगळ्यांची चूक एकच.

पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "चार कसे आले गं?"

तिला माझी कीव आली. "बाई, होडीचा वाटा नाय काडला तुमी? मानसं चार, होडी एक. होडी फुटली तं दुरुस्त कशी करनार?"

मागून कोणीतरी ओरडलं, "बाई कदी दर्यावर गेल्याच नाय!" वर्ग हसला, मीही हसले.

घरी येऊन मी तेच गणित चार मैत्रिणी आणि वीस लाडवांवर बेतलं. पुढच्या खेपेला सगळ्यांचं उत्तर पाच! मग मी मार्गदर्शकांनाच वर्गात नेलं. त्या मुलीने त्यांना होडीचं गणित घातलं.

"पाच," ते ऐटीत म्हणाले.

"चूक!" अख्खा वर्ग ओरडला.

कारण ऐकल्यावर ते खुर्चीत बसून पोट धरून हसले. "मॅडम, दुसरीचे धडे आता मला लावा," म्हणाले, आणि तिथल्या तिथे वर्गाला चौथीच्या धड्यांवर आणलं.

आता तो प्रोग्रॅम फुली मारण्याआधी विचारतो, "कसं काढलंस?" तो प्रश्न मी घातलाय. माझा प्रबंध त्याच्यावरच आहे.