नदीपलीकडचं खातं

"विंडसरला कसला आलाय परदेश? तिथला पाव घरी आणते तेव्हा अजून गरम असतो," असं ओडेट ड्रुइयार एकदा म्हणाली होती.

डेट्रॉइटच्या वाचनालयात म्हाताऱ्यांची करपत्रकं फुकट भरून देणारा लेम्युएल त्यावर हसला होता. त्याने विचारलं होतं, परदेशातून काही उत्पन्न? ती नाही म्हणाली, त्याने नाही लिहिलं. तोही नदीच्या याच काठावर वाढलेला; पलीकडचं कॅनडातलं विंडसर त्यालाही परदेश वाटत नसे. तीन वर्षं हे असंच चाललं.

चौथ्या मार्चमध्ये तिच्या पिशवीतून, औषधांच्या बिलांबरोबर, कॅनडा सरकारच्या चार वर्षांच्या चार पावत्या बाहेर आल्या. एका रबरात नीट बांधलेल्या.

"हे काय, ओडेटबाई?"

"माझे निवृत्तीचे पैसे. बावीस वर्षं तिथल्या इस्पितळाच्या चादरी धुतल्या. लग्न करून इकडे आले, खातं तिकडेच राहिलं. दर महिन्याला थोडे काढते. कर तेच कापून घेतात."

"ते इथेही दाखवायचे असतात."

"दोनदा कातरायला मी मेंढी आहे का रे?"

शेजारी गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला तिचा नवरा कॅझिमिर म्हणाला, "जाऊ दे की. नदीत बुडी मारून कोण बघतंय!"

लेम्युएलने आकडे मांडले. तिकडे कापलेला कर इकडे वजा होत होता; भरायचं जवळजवळ काहीच उरत नव्हतं. फक्त मागची तीन पत्रकं दुरुस्त करून पाठवायची होती.

"आणि माझं पुलाचं कार्ड?" ओडेटने हळूच विचारलं.

त्या कार्डावर ती दर रविवारी पुलावरच्या सरहद्द-तपासणीची रांग टाळून पलीकडे बहिणीकडे, ब्लांशकडे जाई. तिची दृष्टी गेली होती. ओडेट तिचे केस धुई, आठवडाभराची पत्रं वाचून दाखवी. सरकारला खोटं सांगणाऱ्याचं कार्ड काढून घेतात, असं तिने ऐकलं होतं. आणि पुलावरच्या रांगेत दोन तास बसणं तिच्या दुखऱ्या खुब्याला झेपणारं नव्हतं.

"आपण होऊन दुरुस्त केलं तर बहुधा काही होणार नाही," लेम्युएल म्हणाला. "पण हमी नाही देऊ शकत. आणि चूक माझीही आहे. मी नीट विचारायला हवं होतं."

तिने पावत्यांवरचं रबर काढलं आणि त्या एकेक करून टेबलावर मांडल्या. मग चेहऱ्यावरचा ताण गेला, इस्त्री फिरल्यावर चादरीच्या सुरकुत्या जातात तसा.

"ब्लांशला दिसत नाही म्हणून मी तिच्या पत्रातली एकही ओळ गाळत नाही," ती म्हणाली. "काढ ते कागद."

तासाभराने कागद तयार झाले. तिने तिन्ही दुरुस्त पत्रकांवर सह्या केल्या आणि पेन नवऱ्यापुढे सरकवलं. पत्रकं दोघांची होती.

"अगं, पण कार्ड गेलं तर?" सह्या करता करता कॅझिमिर कुरकुरला. "रविवारी पोहत जाणार आहेस?"

ओडेटने कोटाची बटणं लावली, त्याची टोपी उचलून त्याच्या टकलावर नीट बसवली, आणि दाराबाहेर पडली.